घाटातलं तेल माझ्याच गाडीचं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साताऱ्याहून कासला जाताना लागणाऱ्या यवतेश्वर घाटात दुचाकीस्वार घसरला की दोष पावसाला नाहीतर पोरांच्या वेगाला जातो. गेल्या श्रावणात एका वळणावर एक मुलगा घसरला, ते तेल माझ्या गाडीचं होतं.

गाडी मामांची, १९६५ सालची फियाट ११०० डिलाइट. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळवायची म्हणून मागची सीट काढलेली, दारावर पांढऱ्या गोलात आकडा. मामांचा नंबर कितवा आला हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. इंजिन १०८९ सीसीचं, आवाज सगळ्या पेठेला पुरणारा.

गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडातून तेल गळायचं. एका गॅरेजात दोन वर्षांत तीनदा ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, बदललं. तिसऱ्या खेपेला त्यांनी नव्वद नंबरऐवजी एकशे चाळीस नंबरचं जाड तेल भरलं. चार दिवस गळती कमी वाटली, पण थंड गाडीत सकाळी गिअर पडेना.

शेवटी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सीलकडे पाहिलंच नाही. सील जिथे घासतं तो फ्लँज, म्हणजे सीलच्या आत फिरणारा पोलादी भाग, उजेडाला धरून म्हणाले, "गुरुजी, नख फिरवा." फिरवलं, तर अडकलं. सीलच्या रबरात रुतलेल्या धुळीनं पोलादात गोल खाच पाडली होती. तीनही नवी सीलं त्याच खाचेवर बसली, तेल खालून वाट काढत राहिलं. मिस्त्रींनी नवं सील दीड मिलिमीटर अलीकडे, गुळगुळीत जागी बसवलं. तेल पुन्हा नव्वदचं, तेही भरायच्या प्लगच्या भोकापर्यंतच. रात्री गाडीखाली पुठ्ठा घातला. सकाळी तो कोरडा होता.

पण तोवर मी तशीच गाडी कासला नेत होतो. घरासमोर चार थेंब पडायचे, म्हणून निर्धास्त. मिस्त्रींनीच समजावलं, की चालून गरम झालेलं तेल पातळ होतं आणि चढाला गाडीचं नाक वर गेलं की ते मागच्या सीलकडे जमतं. म्हणजे अंगणात थेंब, घाटात धार!

मुलगा घसरला त्या दिवशी वखारीतून भुसा आणून टाकेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात आणखी दोन दुचाक्या डगमगल्या. ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं पाहायला किती गर्दी चढते, हे आपण जाणताच. पेट्रोल पंपावर वाळूच्या बादल्या असतात, तशी कोरड्या वाळूची झाकणवाली पेटी नि एक फावडं बांधकाम खात्यानं घाटातल्या अवघड वळणांवर ठेवावं. तेलकट वाळू मात्र दरीत लोटू नये, पोत्यात भरून खाली आणावी. परवानगी मिळाली तर पहिली पेटी मी माझ्या खर्चानं करून देतो.

मुलाचा गुडघा बरा झालाय. त्याच्या गाडीच्या आरशाचे नि इंडिकेटरचे पैसे मी दिले. घेताना तो संकोचला, तेव्हा त्याला कारण सांगावं लागलं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मंगळवार पेठ, सातारा