सूत्र बरोबर, अट गायब

मा. संपादक,
स. न.

स्पर्धा परीक्षांच्या सदरांत आणि मार्गदर्शक पुस्तकांत सरासरी वेगाचे एक सूत्र हमखास चौकटीत छापलेले असते: दोन वेगांच्या गुणाकाराची दुप्पट, भागिले त्यांची बेरीज. सूत्र चोख आहे. ते कुठे चालते हे सांगणारी ओळ मात्र बहुधा गाळलेली असते, आणि मुलांचे गुण नेमके तिथेच जातात.

नेहमीचे उदाहरण घ्या. जाताना ताशी ४० किमी, त्याच रस्त्याने परत येताना ताशी ६० किमी. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? घाईत ५० वर खूण होते. अंतर दिलेले नाही म्हणून अडायचे कारण नाही. ४० आणि ६० चा लसावि १२०. एका बाजूचे अंतर तेवढे धरावे. जायला ३ तास, यायला २ तास. एकूण २४० किमी, ५ तास. उत्तर ताशी ४८ किमी. गाडी ४० च्या वेगाने जास्त वेळ धावली, म्हणून सरासरी ४० कडे झुकली. तीच गाडी ३ तास ४० ने आणि ३ तास ६० ने धावली असती, तर १२० आणि १८० मिळून ३०० किमीला ६ तास, आणि उत्तर खरोखरच ५० आले असते. अंतरे समान असतील तर चौकटीतले सूत्र, वेळ समान असेल तर साधी सरासरी, आणि दोन्ही समान नसतील तर एकूण अंतर भागिले एकूण वेळ, याला पर्याय नाही.

साध्या सरासरीचा मोह का सुटत नाही, याचे एक कारण विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. तिथे सुरुवातीचा वेग अधिक अंतिम वेग, भागिले दोन, असे शिकवलेले असते. ते बरोबरच आहे, कारण तिथे त्वरण एकसमान असते, म्हणजे वेग दर सेकंदाला सारख्याच प्रमाणात वाढतो. थांबलेली गाडी १० सेकंदांत २० मीटर प्रति सेकंद वेग गाठते तेव्हा सरासरी १० येते आणि अंतर १०० मीटर. टप्प्याटप्प्याने वेग बदलणाऱ्या प्रवासात ही अट नसते, पण मुले सूत्र तेवढे उचलून आणतात.

तीन टप्प्यांच्या गणितात चूक आणखी लपून बसते. अंतराचे तीन समान भाग, वेग अनुक्रमे २०, ३० आणि ६०. पुष्कळ जण दोन वेगांचे सूत्र दोनदा वापरतात: २० आणि ३० चे आले २४, मग २४ आणि ६० चे आले सुमारे ३४.३. दुसऱ्या पायरीत घोटाळा झाला. २४ हा वेग दोन भागांचा आहे आणि ६० हा एकाच भागाचा. अंतरे समान राहिलीच नाहीत. प्रत्येक भाग ६० किमी धरला की वेळ ३, २ आणि १ तास, आणि १८० भागिले ६ म्हणजे ३०. एवढेच काम होते. अंतर, वेग, वेळ असे तीन रकाने आखून प्रत्येक टप्प्याला एक ओळ दिली, तर असले गणित सूत्राशिवाय अर्ध्या मिनिटात सुटते.

मिनिटांचे रूपांतर ही निष्काळजी चूक, पण महागात पडणारी. १ तास २० मिनिटे म्हणजे १.२० तास नव्हे, चार तृतीयांश तास. ६० किमीला तेवढा वेळ लागला तर वेग ४५, १.२० ने भागले की सुबक ५० येते आणि उत्तर चुकल्याची शंकाही येत नाही. थांब्यांचेही तसेच. वरच्या पहिल्या प्रवासात गाडी मुक्कामी १ तास थांबली आणि प्रश्नात ‘थांबे वगळून’ असे म्हटलेले नसेल, तर तो तास वेळेत धरावा लागतो, आणि ४८ ची सरासरी थेट ४० वर येते.

एक प्रश्न मुद्दाम सोडवायला द्यावा असा. जाताना ताशी ३० किमी; पूर्ण प्रवासाची सरासरी ६० हवी असेल, तर येताना वेग किती ठेवावा? तोंडून ९० निघते. सूत्रात मांडले तर अज्ञात पद दोन्हीकडून कटते आणि शून्य बरोबर ३० असे काहीतरी उरते; मुले आकडेमोड चुकली समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. चूक काहीच नाही. एका बाजूला ६० किमी धरा: जातानाच २ तास गेले, आणि १२० किमीला ६० च्या सरासरीने मिळतात तेच २ तास. परतीला वेळच शिल्लक नाही, मग वेग कितीही असो.

शेवटी प्रश्न काढणाऱ्यांबद्दल. ‘अर्धा प्रवास ४० ने आणि अर्धा ६० ने’ असे लिहिले, की निम्मे अंतर की निम्मा वेळ, हे विद्यार्थ्याने ओळखायचे कसे? पहिल्या अर्थाने उत्तर ४८, दुसऱ्या अर्थाने ५०, आणि पर्यायांत बहुधा दोन्ही असतात. ‘निम्मे अंतर’ किंवा ‘निम्मा वेळ’ एवढे स्पष्ट छापायला जागा फारशी लागत नाही. आपल्या सदरातही चौकटीतल्या सूत्राखाली ‘दोन्ही अंतरे समान असतील तरच’ एवढी ओळ यावी, ही विनंती.

आपला,
एक गणित शिक्षक