तीन वर्षांच्या प्रकल्पात कर्करोग मावत नाही: विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, विज्ञान आणि तंत्रज्ञान,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: कर्करोग-जीवशास्त्रातील तरुण संशोधकांना दीर्घ मुदतीचे अनुदान आणि वेळेवर शिष्यवृत्ती मिळण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी रेणवीय जीवशास्त्राची संशोधक आहे. कर्करोगात जनुके बिघडतात, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे: जनुक शाबूत असूनही पेशी ते वाचायचे का सोडते? डीएनएतल्या सायटोसिन या घटकाला मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात, डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या खुणा बदलतात, आणि पेशीच्या वाढीला लगाम घालणारे जनुक गप्प होते. अशा खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. पी१६ हे असे एक जनुक. तोंडाच्या कर्करोगाच्या अनेक गाठींत ते मिथाइल गटांमुळे बंद पडलेले सापडते. तंबाखू आणि गुटख्याने घरेच्या घरे उद्ध्वस्त झालेल्या देशात हा प्रश्न परक्यांनी सोडवायची वाट पाहणे मला पटत नाही. शिवाय यात मोठी आशा आहे. म्युटेशन, म्हणजे जनुकातच झालेला बदल, पुसणे फार अवघड, या खुणा मात्र औषधाने पुसता येतात.

अशा कामाला किती धीर लागतो, हे अझासायटिडिन या औषधाच्या हकिकतीवरून दिसते. प्रागमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी ते १९६४ साली तयार केले. आधी पेशी मारणारे औषध म्हणून मोठ्या मात्रेत ते देऊन पाहिले, पण रुग्णांना ते सोसेना. पुढे १९७७ मध्ये संशोधक पीटर जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळेच काही दिसले. उंदराच्या गर्भातून वाढवलेल्या पेशींवर हे औषध घातले की काही दिवसांनी त्यांतून स्नायूंच्या पेशी तयार होत. १९८० साली जोन्स आणि शर्ली टेलर यांनी त्याचे कारण शोधले: औषध डीएनएवर मिथाइल गट बसू देत नव्हते. मग मात्रा उतरवून मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्ताच्या आजारावर चाचण्या झाल्या आणि मे २००४ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. मधे चाळीस वर्षे गेली, आणि वळण मिळाले ते कोणी न मागितलेल्या एका निरीक्षणामुळे.

आपल्याकडे संशोधकाला मिळणारे अनुदान बहुधा तीन वर्षांचे असते. त्यातले पहिले वर्ष नैतिकता समितीची परवानगी, खरेदीच्या निविदा आणि माणसे नेमण्यात जाते. दुसऱ्या वर्षी नमुने हाती येऊ लागतात. आम्हाला एकाच रुग्णाची गाठ आणि शेजारची निरोगी ऊती, दोन्ही लागतात. कोणत्या खुणा असलेल्या रुग्णाचा आजार पुन्हा बळावला, हे कळायला त्याच्या मागावर पाच वर्षे राहावे लागते. तोवर प्रकल्प बंद झालेला असतो, काम शिकलेली मुलगी दुसरीकडे गेलेली असते, आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधल्या नमुन्यांची ओळख सांगणारे कोणी उरत नाही. रुग्णांनी विश्वासाने दिलेली ऊती अशी वाया जाते, याचे मला फार वाईट वाटते.

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील रसायनांवरचे सीमाशुल्क १० वरून १५० टक्के झाले होते. आरडाओरड झाल्यावर काही दिवसांतच प्रयोगशाळांसाठी ते पूर्ववत केले गेले. सरकार ऐकते, असा मी त्याचा अर्थ घेते. म्हणूनच हे पत्र.

१ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती ३७,००० रुपये झाली, त्याबद्दल आभार. पण ती महिनोन् महिने हातात पडत नसेल, तर वाढलेला आकडा घरमालकाला दाखवून भागत नाही. अनेक मुलामुलींच्या घरी मागे उभे राहणारे कोणी नसते. प्रयोगशाळा सोडून जाणाऱ्यांत ती पहिली असतात.

कर्करोग-संशोधक कमल रणदिवे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून परतल्या तेव्हा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांना जागा होती आणि डॉ. वसंत खानोलकरांसारखे पाठीशी उभे राहणारे गुरू होते. देशातली पहिली ऊतीसंवर्धन (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा त्यांनी तिथे उभारली. आज परदेशातून परतू पाहणाऱ्या मुलीला मी काय सांगू? दोन-तीन वर्षांच्या फेलोशिपवर ये, आणि पुढचे पुढे बघू?

संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा आराखडा ठरला आहे. त्यातून कर्करोग-जीवशास्त्रात नव्याने स्वतंत्र काम सुरू करणाऱ्यांना किमान सात वर्षांचे अनुदान द्यावे. चौथ्या वर्षी कामाची कसून तपासणी व्हावी, त्याला आमची मुळीच हरकत नाही. रुग्णांच्या नमुन्यांची साठवण आणि पाठपुरावा यांचा खर्च प्रकल्पापासून वेगळा काढून रुग्णालयांना कायमस्वरूपी द्यावा. आणि शिष्यवृत्ती पगारासारखी ठरलेल्या तारखेला खात्यात जमा व्हावी. यातली शेवटची मागणी मान्य करायला नवा कायदा किंवा नवी समिती लागत नाही. ती याच आर्थिक वर्षात सुरू करावी, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
कर्करोगाच्या एपिजेनेटिक्सवर काम करणारी एक संशोधक, पुणे