गिझरचे लिटर आणि घरातल्या बादल्या

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गिझर कसा निवडावा यावर एक लेख आणि त्यासोबत छोटं कोष्टक होतं. एक-दोन माणसांना १० लिटर, तिघांना १५, चौघांना २५, त्यापुढे ३५ किंवा ५०. नाशिकला सिडकोत माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. त्याआधी बरीच वर्षं वायरमन होतो, लोकांच्या बाथरूममध्ये शिडी लावून गिझर टांगायचो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी तुमच्याच अंकात आली की असल्या कोष्टकांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन गिऱ्हाईक येतं आणि माझी निम्मी सकाळ ते खोडून काढण्यात जाते. म्हणून हे पत्र.

परवाच एक ताई आल्या. घरात पाच माणसं, म्हणाल्या, "भाऊ, पस्तीस लिटरचा दाखवा." मी विचारलं, "आंघोळ बादलीने की शॉवरने?"

"बादलीनेच. शॉवर आहे, पण त्याच्यावर टॉवेल वाळत असतात."

"आणि सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ होतात?"

"कशा होणार? बाथरूम एकच. आधी आमचे मिस्टर, त्यांची कंपनीची बस असते. मग मुलांना उठवा, दहा हाका मारा. सासूबाईंचं निवांत असतं. माझा नंबर सगळ्यात शेवटी."

या घराला ३५ लिटरचा गिझर कशाला हवा? १५ लिटरचा भरपूर झाला. आता का, ते सांगतो. थोडं गणित आहे, पण सहावी-सातवीच्या पलीकडचं नाही.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी मिळतात. डिसेंबरात पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंशांचं धरा. आंघोळीला ४० अंशांचं लागतं. बादली १८ लिटरची. म्हणजे १८ लिटर गुणिले २२ अंश, झाले ३९६. अर्ध्या युनिटहून थोडं कमीच. बाजारात १५ लिटरच्या गिझरला साधारणपणे २००० वॉटची कॉइल असते. तिला एवढी उष्णता द्यायला १४ मिनिटं लागतात. गिझरमधलं पाणी ६० अंशांचं असलं तर विसण घालून एक बादली करायला त्यातलं साडेनऊ लिटरच खर्ची पडतं. ते गेलं तरी पाव तासात गिझर पुन्हा होता तसा. ताईंच्या घरात दोन आंघोळींमध्ये पाव तास जातोच, मुलांना हाका मारण्यातच जातो. मग पाच माणसं असोत की सात.

आता गंमत अशी, की ३५ लिटरच्या गिझरलाही बहुतेक वेळा तीच २००० वॉटची कॉइल असते. टाकी मोठी झाली, जाळ तेवढाच. २० मिनिटं बटण चालू ठेवलं तर १५ लिटरच्या गिझरमध्ये पाणी ५६ अंशांवर जातं, विसण घातल्याशिवाय हात लावता येत नाही. तेवढ्याच वेळात ३५ लिटरचं पाणी ३४ अंशांवर असतं, म्हणजे नुसतं कोमट. पूर्ण तापायला त्याला ५० मिनिटं लागतात. सहाची बस धरणाऱ्या मिस्टरांनी मग पाचच्या आधीच उठून बटण दाबायचं का? आणि शेवटची आंघोळ झाल्यावर टाकीत जे कढत पाणी उरतं, ते दिवसभर भिंतीवर लटकून निवत बसतं. त्याचं बिल तुम्ही भरता.

मोठ्या टाकीची गरज कुणालाच नसते असं नाही. शॉवरखाली आंघोळ करणारं घर असेल तर सगळा हिशेब फिरतो. साधा शॉवर मिनिटाला आठेक लिटर पाणी सोडतो. कॉलेजातलं पोरगं पाच मिनिटं उभं राहिलं तरी ४० लिटर गेले, आणि ती पोरं पाच मिनिटांत बाहेर आलेली मी तरी पाहिली नाहीत. अशा घरात २५ लिटरचा गिझर म्हणजे एका माणसाची आंघोळ. दोघं पाठोपाठ जाणार असतील तर ३५ घ्या, नाहीतर दुसऱ्या बाथरूमला वेगळा बसवा. बाळ-बाळंतीण घरात असेल, तेल लावून दोन-दोन बादल्या लागत असतील, किंवा दोन पोरं शाळेच्या व्हॅनसाठी एकामागून एक पाच-पाच मिनिटांत उरकत असतील, तरी २५ लिटर रास्तच. पण हे डोकी मोजून कळत नाही, विचारावं लागतं.

बरेचसे लोक मोठा गिझर दिवाळी डोळ्यांसमोर ठेवून मागतात. "अभ्यंगस्नानाला सगळे जमतात हो." मान्य. पण वर्षातल्या एका पहाटेसाठी उरलेले सगळे दिवस ३५ लिटर तापवायचे? त्या दिवशी गॅसवर एक मोठं पातेलं चढवा, काम भागतं. मोठा गिझर विकला तर मला चार पैसे जास्तच सुटतात, तरी सांगतो.

चांदण्यांबद्दलही लेखात घोळ झाला आहे. 'फाइव्ह स्टार गिझर पाणी लवकर तापवतो' असं छापलंय. तसं नाही. पाणी तापवायला लागायची ती वीज लागतेच, कुठलीही कंपनी त्यात सूट देत नाही. तापलेलं पाणी टाकीत उभं असताना चोवीस तासांत किती उष्णता गळते, त्यावर चांदण्या मिळतात. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्यांना त्याचा फायदा मोठा. आंघोळी आटपून बंद करणाऱ्यांना फारसा नाही.

स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी तीन लिटरचा इन्स्टंट उत्तम, एकट्या माणसाच्या आंघोळीलाही चालतो. तीन हजार वॉटवर एक बादली भरायला नऊ मिनिटं, धार बारीक ठेवायची तयारी हवी एवढंच.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे वायरिंग. गेल्या थंडीत एका रो-हाउसमध्ये 'गिझर मध्येच बंद पडतो' म्हणून गेलो. गिझर ठणठणीत होता. प्लग ओढला तर एक पिन काळी पडलेली, सॉकेटचं प्लॅस्टिक वितळून तिला चिकटलेलं. मागे दीड एमएमची वायर. २००० वॉटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा इन्स्टंट तेरा. पहिल्याला अडीच एमएमची वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट हवा, दुसऱ्याला चार एमएम. अर्थिंग तर हवंच हवं. आणि भिंतही बघा. ३५ लिटरचा गिझर भरल्यावर ४५ किलोच्या पुढे जातो आणि हल्लीच्या चार इंची भिंतीत साधा फास्टनर धरेलच असं नाही. जागा नाही म्हणून आडवा गिझर घेणार असाल तर त्यात गार पाणी लवकर मिसळतं, १५ लिटरमधून उभ्याइतकं गरम पाणी मिळत नाही, हेही धरून चाला.

बोअरचं पाणी असेल तर टाकी किती लिटरची याच्या आधी कॉइल साफ कोण करणार ते ठरवा. क्षारांचा थर चढला की कॉइल आतल्या आत तापून जळते.

तेव्हा विनंती अशी, की हे कोष्टक पुन्हा छापाल तर माणसांच्या रकान्याऐवजी तीन रकाने करा : बादली की शॉवर, दोन आंघोळींमधली मिनिटं आणि कॉइल किती वॉटची. कंपन्यांनाही विचारा, की खोक्यावर लिटरचा आकडा पंजाएवढा आणि वॉटचा मुंगीएवढा का असतो. दिवाळीच्या आधी छापलंत तर बरं, नंतर गिऱ्हाईक येऊन गेलेलं असतं.

आपला,
एक वाचक
सिडको, नाशिक