दाराबाहेर उभा राहा

प्रिय डॅनियल,

शालोम. त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, आपल्या ज्या धर्मग्रंथात, तोरात, हट्टी मुलाला दगडांनी मारा असं लिहिलंय, त्याचं आज करायचं काय? फोनवर आपले आवाज चढतात, म्हणून लिहितेय.

तो कायदा आहे, तोराच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात. लपवायचं कारण नाही. पण तल्मुदात, म्हणजे धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बींनी त्याला एकेक अट लावत नेली. तक्रार आईबाप दोघांची हवी, शिवाय दोघांचा आवाज, रूप, उंची सारखी हवी. माझ्या नि पप्पांच्या उंचीकडे बघ, तू जन्मभर सुटलास! असा मुलगा कधी झालाच नाही, असंही तिथे म्हटलंय. त्यावर रब्बी योनातान म्हणतात, मी पाहिलाय, त्याच्या कबरीवर बसलोय. दोन्ही मतं तशीच ठेवलीत, हे मला आवडतं.

मी मात्र अडकते अनुवादाच्याच २४व्या अध्यायात. पतपेढीत तारण कर्जाच्या टेबलावर बसलेली बाई मी, दुसरीकडे कुठे अडकणार? तिथे सावकाराला सांगितलंय, तारण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो आणून देईल. गरिबाचं पांघरूण असेल तर सूर्य मावळताना परत कर. जातं तर गहाण घ्यायचंच नाही. वसुलीवाला घरात घुसून शेजारणींसमोर भांडी मोजतो तेव्हा त्या घराचं काय होतं, ते मी पाहिलंय. आपल्याकडे १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणं, कारागिराची हत्यारं यांवर जप्ती येत नाही. धागा ओळखीचा वाटतो ना?

लिहिलेलं पाळतं कोण, असं तू म्हणशीलच. इस्राएलमधल्या तुझ्या अश्दोद शहराच्या उत्तरेला, समुद्राकाठी मेसाद हशव्याहू नावाचा पडका किल्ला आहे. तिथे १९६०मध्ये इ.स.पू. सातव्या शतकातलं एक खापर सापडलं. त्यावर शाईने लिहिलेला कापणीच्या मजुराचा अर्ज आहे. तो म्हणतो, मी काम पुरं केलं, धान्य भरलं, तरी होशव्याहू नावाच्या माणसाने माझं वस्त्र नेलं. माझ्याबरोबर उन्हात राबलेले भाऊबंद साक्ष देतील. अर्जात तोराचा हवाला कुठेच नाही. म्हणजे कायदा पाळला गेला नसेलही, पण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते एवढं त्या मजुराला ठाऊक होतं. आमच्याकडे साहेबांच्या टेबलापर्यंत यायलाच न धजणारे कर्जदार किती होते!

आता गुलामांचं. पळून आलेल्या गुलामाला धन्याकडे परत पाठवू नका, हे अनुवादात आहे. पण तोराच्याच ‘लेवीय’ नावाच्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात परक्या जातीचा गुलाम विकत घेऊन मुलाबाळांना वारशात द्यायची मुभा आहे. त्याची वकिली माझ्याकडून होणार नाही. तिथे तुझं बरोबर आहे, पप्पा काहीही म्हणोत.

तुझी,
आई