तुझा अर्धा तास

औंध, पुणे
रविवार, रात्री

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी मी आवाज चढवला, तू "ठेवते बाबा" म्हणालीस आणि फोन ठेवलास. आई तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते आहे. चूक माझी. तू इतकंच सांगत होतीस की त्या जर्मन मुलीबरोबरच्या तिसऱ्या भेटीतही मराठीच झालं, जर्मनला वेळ उरला नाही. आणि मी थेट "तुला नाही म्हणताच येत नाही" वर घसरलो. ते आता लिहिणार नाही. टँडेमबद्दल, म्हणजे तू तिला मराठी आणि ती तुला जर्मन शिकवायची त्या भेटींबद्दल, तेवढं लिहितो.

टँडेम म्हणजे दोघांनी पेडल मारायची सायकल. तुमचं चाललंय ते डबलसीट. तू दामटतेस, ती कॅरिअरवर बसून वारा खाते.

आधी घड्याळ. एक तास असेल तर पंचवीस मिनिटं जर्मन आणि पाच मिनिटं त्यातल्या चुका, मग मराठीचं तसंच. मोबाइलवर गजर लावायचाच, आणि तो झाला की भाषा बदलायची, वाक्य अर्धवट राहिलं तरी. जी भाषा मागाहून येते तिच्या वाट्याला दमलेली माणसं येतात, म्हणून पाळी आलटूनपालटून हवी. तीनदा मराठी आधी झालं ना, आता तीनदा जर्मन आधी, असं सरळ सांग. सांग गं. तिला राग येणार नाही. दादाच्या लग्नात खोलीसुद्धा तूच सोडलीस आणि दोन रात्री... असो.

चुकांसाठी वही ठेव. पानाच्या डावीकडे तू बोललीस ते, उजवीकडे तिनं सुधारलेलं. दर वाक्याला टोकलं की बोलणाऱ्याचं तोंड मिटतं, त्यामुळे अर्थच लागेना तरच मधे थांबवायचं. बाकीचं त्या पाच मिनिटांत, आणि पाच चुकांच्या वर नको. पुढच्या भेटीची सुरुवात त्याच पाच वाक्यांनी. हे बहुतेक जण गाळतात आणि मग सहा महिने तीच चूक करत राहतात.

तुम्हा दोघींचं इंग्रजी उत्तम आहे, खरा धोका तोच. शब्द अडला की 'वी झाक्ट मान दास?', हे कसं म्हणतात, असं विचार, हातवारे कर, कागदावर चित्र काढ, पण इंग्रजीत शिरू नकोस. एकदा शिरलं की तासभर तिथेच मुक्काम.

पुढच्या भेटीचा विषय निघायच्या आधीच ठरवा आणि त्यावरचे आठ-दहा शब्द दोघींनी घरून आणा. ओळख, घर, छंद हे दोन भेटींत संपतं, तिसऱ्या वेळी "बाकी काय?" सुरू होतं. हातात काहीतरी असू दे. दुकानाची पावती, जिन्यात लावलेली कचरा वेगळा करायची नोटीस. तुझ्या बी-वनच्या, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीच्या, तोंडी परीक्षेत पहिला भाग दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचा असतो. दर दुसऱ्या भेटीत तेच करा, सहल ठरवा, कुणाचा निरोप समारंभ ठरवा. तिचाही फायदा आहे. 'आपण' आणि 'आम्ही' दोन्हींना त्यांच्याकडे एकच 'वीर', त्यामुळे ती म्हणेल "आम्ही सिनेमाला जाऊ" आणि तू घरीच राहशील. तिथे तरी हटक तिला.

तिला एक सांग. चमच्यातला च तिला आधीपासून येतो, त्यांच्या 'त्साइट'मधला पहिला उच्चार तोच. चहातला च वेगळा. ळ ला वेळ लागेल, लागू दे. आणि तू 'वाइल' (कारण) नंतर घसरतेस कारण इंग्रजीतून जातेस. तिथे क्रियापद शेवटी जातं, आपल्यासारखं. मराठीतून जा, आपोआप बसेल.

झालं, शिकवणी सुरू झाली. माफ कर. बालवाडीत असताना स्कूटरवर पुढे उभी राहून तू ब्रेमेन चौकातली पाटी बघून "ब्रेमेन कोण?" विचारायचीस, आणि मी रोज नवं उत्तर द्यायचो. एकदा म्हणालो, पोलिसाचं नाव आहे. तू त्याला हात केलास. आता जर्मनीतल्या त्याच ब्रेमेन गावात कचऱ्याच्या नोटिसा वाचतेस. आईला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, मग तिला ओरडलात कशाला?

बुधवारी भेटणार आहात ना? जर्मन आधी.

तुमच्याकडे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली आहेत, तेव्हा पुढच्या रविवारी तुझे चार म्हणजे आमचे साडेआठ. आधी आईला लाव.

तुझा,
बाबा

ता. क. पार्सलमध्ये मेतकुटाचे दोन डबे आहेत. तिला एक दे. एकच.