आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : वैद्यकीय संघटनांची सूत्रे कोणाच्या हाती?

मा. आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी डॉक्टर आहे आणि माझ्या विषयातील तज्ज्ञांच्या संघटनेची जुनी सभासद आहे. अशा संघटनांचे पदाधिकारी कोण असावेत, हा डॉक्टरांचा घरचा मामला समजला जातो. पण आजाराचे निदान कोणत्या आकड्यापासून करायचे, औषध केव्हा सुरू करायचे, याची मार्गदर्शक तत्त्वे बहुतेक वेळा याच संघटना लिहितात. ती लिहिणारी समिती कार्यकारिणी नेमते. शासकीय समित्यांसाठीही अनेकदा तिथूनच नावे सुचवली जातात. त्या बैठकीला कोण हजर आहे आणि कोण नाही, याची किंमत शेवटी रुग्ण मोजतो.

मूत्रपिंडाचेच पाहा. रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या प्रमाणावरून मूत्रपिंडाची क्षमता काढण्याच्या सूत्रात अमेरिकेत वर्षानुवर्षे कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळा गुणक वापरला जात होता. त्यामुळे त्यांचे मूत्रपिंड कागदावर अधिक चांगले दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर होई. वैद्यकीय विद्यार्थी आणि तरुण डॉक्टरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. अखेर २०२१ मध्ये तिथल्या नॅशनल किडनी फाउंडेशन आणि अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी यांच्या संयुक्त कृतिगटाने तो गुणक काढून टाकण्याची शिफारस केली. ज्यांना त्या गुणकाचा फटका बसत होता, त्यांच्यातले पुरेसे लोक निर्णयाच्या जागी असते, तर हा प्रश्न कितीतरी आधी विचारला गेला असता, असे मला ठामपणे वाटते.

या संघटनांचा इतिहासही बोलका आहे. ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, १८७३ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभासद झाल्या. त्यानंतर संघटनेने स्त्रियांना दारच बंद केले आणि १८९२ पर्यंत त्या एकट्याच स्त्री सभासद राहिल्या. १८४७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली १९९८ मध्ये. कृष्णवर्णीय डॉक्टरांना दिलेल्या वागणुकीबद्दल याच संघटनेने २००८ मध्ये जाहीर माफी मागितली.

उघड मज्जाव आता संपला आहे, अडसर नाहीत असे नाही. कार्यकारिणी सदस्य, सहसचिव, सचिव, उपाध्यक्ष असे टप्पे चढत अध्यक्षपद गाठायला कित्येक वर्षे जातात. बैठका रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, प्रवास बऱ्याचदा स्वखर्चाने. लहान मूल असलेली डॉक्टर, सरकारी रुग्णालयात पाळ्या करणारा डॉक्टर, शहरापासून दूर काम करणारे डॉक्टर पहिल्या दुसऱ्या टप्प्यावरच गळतात. शिवाय उमेदवारांची नावे सुचवतात माजी अध्यक्ष, आणि त्यांना आठवतात ती माणसे त्यांच्याच ओळखीतली. गुणवत्ता पाहा, असे आम्हाला सांगितले जाते. जरूर पाहावी. पण निकष कुठे लिहिलेलेच नसतील, तर ती मोजली कशाने?

अध्यक्ष कोण व्हावा हे सभासदांनीच ठरवावे. शासनाने त्यात पडू नये. पण शासकीय समित्यांवर कोणत्या संघटनेचे प्रतिनिधी घ्यायचे, कोणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारायची, हे आपल्या हातात आहे. तिथे अटी घाला. सभासद, पदाधिकारी आणि तत्त्वे लिहिणाऱ्या समित्या यांत स्त्रिया किती, वंचित समाजांतले किती, सरकारी सेवेतले आणि ग्रामीण भागातले किती, हे संघटनेने दरवर्षी जाहीर करावे. नामनिर्देशन सर्वांना खुले असावे, निकष लेखी असावेत, पदाची मुदत ठरलेली असावी. दूरस्थ उपस्थितीची सोय असावी आणि प्रवासखर्च संघटनेने द्यावा.

या अटी लागू करायला नव्या कायद्याची वाट पाहू नये. पुढच्या समितीसाठी संघटनांकडून नावे मागवाल, त्या पत्रातच त्या लिहाव्यात, ही कळकळीची विनंती.

कळावे,
आपली नम्र,
एक डॉक्टर