वसंता, दुखणं पुढं असलं तरी पाठ दाखव

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय वसंता,

तुझं पत्र मिळालं. उजव्या बरगडीखाली आग होते आणि तिथंच हात फिरवला तर कातडी बधिर लागते, असं लिहिलंयस. सोनोग्राफीत पित्ताशय चांगलं, ईसीजी चांगला, एक्स-रेही काढलायस. तुझ्या बायपासमुळं तर हे नसेल, असंही विचारलंयस. वहिनी म्हणतात उसण भरलीय. पण उसणीनं कातडी बधिर होत नाही लेका. आग आणि बधिरपणा एकाच पट्ट्यात असला की संशय नसेवर घ्यायचा.

बरगड्यांच्या बारा जोड्या. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेनं एक नस मणक्यापासून निघून पुढं छातीपोटापर्यंत येते. बेंबीची जागा दहाव्या नसेची. त्यामुळं बिघाड पाठीत मणक्याजवळ असला तरी माणूस दाखवतो पोट, आणि डॉक्टरही पोटच तपासत बसतात.

मला हे कळलं ते स्वतःच्या दुखण्यातून. रंकाळ्यावर फिरताना काही वाटायचं नाही, पण रात्री अंथरुणावर पडलं की बनियनचा स्पर्शही सोसवत नसे. शेवटी राजारामपुरीतल्या एका तरुण डॉक्टरनं कापूस आणि टाचणी घेतली आणि मणक्यापासून पोटापर्यंत 'इथं कळतंय? इथं?' करत आला. पट्टा स्वच्छ उमटला. कारण निघालं साखर. मधुमेह पायाच्या नसा धरतो हे आपल्याला ठाऊक असतं. छातीपोटाच्याही धरतो, हे कोण सांगतं? यात वजनही घटतं, म्हणून घरचे कॅन्सरच्या भीतीनं अर्धमेले होतात. साखर ताब्यात ठेवली की बहुतेकांचं हे दुखणं काही महिन्यांत ओसरतं. माझं ओसरलं, बधिरपणा थोडा उरलाय.

तुझंही तेच असेल असं मात्र धरून चालू नकोस. नागीण आठव. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू नसेच्या मुळाशी झोपून राहतो आणि म्हातारपणी उठतो. पुरळ यायच्या आधी काही दिवस नुसतीच आग होते, क्वचित पुरळ येतच नाही. म्हणून पाठ आरशात बघ, वहिनींनाही बघायला सांग. फोड दिसले तर गेरू लावत बसू नकोस, विषाणूवरच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. आपल्या आज्या म्हणायच्या, नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो. पण नस शरीराच्या मध्यरेषेशी थांबते, म्हणून नागीण सहसा एकाच बाजूला राहते. पन्नाशीनंतर घ्यायची तिची लसही आता निघालीय, दोन डोस. महाग आहे, पण विचारून ठेव.

तिसरं म्हणजे मणका. हाडं ठिसूळ झाली की वाकताना, बादली उचलतानाही मणका दबतो आणि कळ बरगडीवरून पुढं येते. तुझा एक्स-रे फक्त छातीचा होता की पाठीच्या मणक्याचाही, ते बघ. उंची कमी झालीय का, तेही मोजून घे. बायपासचं म्हणशील तर, हृदयाला जोडायची रोहिणी, म्हणजे रक्तवाहिनी, छातीच्या डाव्या भागातून काढतात तेव्हा तिथली कातडी वर्षानुवर्षं बधिर राहते खरी. पण तुझं दुखणं उजवीकडं आणि खाली आहे, तिकडं बोट दाखवण्यात अर्थ नाही.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. कंबरेभोवती वा छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटलं, पाय लटपटले, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पाठीच्या कण्यातली मुख्य नस दबली की वेळ दवडून चालत नाही. रोज संध्याकाळी ताप, रात्री पाठ ठणकणं हेही लपवू नकोस, मणक्याचा क्षय आपल्याकडं अजून आहे. आणि छाती जड होऊन घाम आला, तर मागचा ईसीजी चांगला होता म्हणून बसू नकोस.

नसेच्या दुखण्याला साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. प्रेगाबालिन वगैरे देतात, त्यानं गुंगी येते, तोल जातो. पहिले काही दिवस रात्री उठताना दिवा लावायचा, बाथरूमला धावायचं नाही. तेल चोळणारा, हाड बसवणारा कुणी सुचवला तर ठिसूळ मणक्यावर त्याचा हात पडू देऊ नकोस. तालमीत चालायचं ते पंचविशीत.

डॉक्टरकडं जाताना पेनानं बधिर पट्टा अंगावरच आखून जा. साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट आला की कळव. फोन संध्याकाळी कर, रात्री जेवणानंतर माझा फोन नातवाच्या हातात असतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
आप्पा